चुन्याची निवळी, सलाईनचा सेट आणि आमचा रीफ टँक

फोनवर आईला सांगितलं की मी रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवतो त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, रोज रात्री चुन्याचं पाणी सोडतो, तर ती म्हणाली, "माणसांना लावून झाला, आता माशांना पण चुना लावतोस होय रे?" तिला वाटलं मी गंमत करतोय. पण खरंच, कॅल्शियम डोसिंगचा, म्हणजे कोरलला रोज थोडं थोडं कॅल्शियम पुरवायचा, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुना प्रकार म्हणजे चुन्याची निवळी. शाळेत स्ट्रॉने फुंकर मारून पाणी दुधाळ करायचा प्रयोग आठवतोय ना, तीच निवळी. रीफवाले तिला जर्मन नावाने काल्कवासर म्हणतात, आणि त्याचा अर्थही शब्दशः चुन्याचं पाणी एवढाच आहे. १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स नावाच्या एका जुन्या जाणकाराने हे टँकवाल्यांमध्ये रुजवलं आणि आजही चालतंय.

मी न्यू जर्सीत राहतो, टँक ४० गॅलनचा आहे, म्हणजे साधारण १५० लिटर, दगड आणि वाळू वजा केली तर पाणी १३० लिटर धरतो. सुरुवातीला डोसिंग पंप बघितले, बरा म्हणावा असा पंप दोन-तीनशे डॉलरला, घरात सांगायची हिंमत झाली नाही. मग कोल्हापूरला गेलो होतो तेव्हा मेडिकलमधून सलाईनचे चार सेट उचलून आणले, शंभर रुपयांच्या आत एक. त्यातलाच एक आत्ता टँकवर लटकतोय. खाली सगळं सांगतो, पण आधी हे तुम्हाला लागणार आहे का ते बघा.

टँकमध्ये फक्त मऊ कोरल असतील, झोआ, मशरूम, लेदर वगैरे, तर काहीही करू नका. दर आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदललं की नवीन पाण्यात घातलेल्या समुद्री मिठातूनच पुरेसं कॅल्शियम येतं. ज्यांच्याकडे हॅमर, टॉर्च, डंकन असे हाडवाले कोरल वाढायला लागलेत, किंवा काचेवर जांभळी कोरलाइन (दगडासारखं कडक शेवाळ) एवढी चढतेय की आठवड्याला खरवडावी लागते, त्यांनी पुढे वाचा. आणि ज्यांचा मोठा टँक अॅक्रोपोरानेच (भराभर वाढणारं हाडवालं कोरल) भरलाय त्यांना निवळी एकटी पुरणार नाही, का ते पुढे येईल.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आत्ताच. हाडवाले प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत, म्हणजे संरक्षण वाघाच्या रांगेतलं. मालवणला स्नॉर्केलिंग करताना एखादा सुंदर तुकडा दिसला म्हणून उचलून आणायचा विचारही करू नका, आणि कोणी स्वस्तात "लोकल कोरल" देतो म्हणाला तर तिथून निघा. कायदेशीर कागद असलेलंच घ्या, नाहीतर मासे आणि मऊ जीवांवरच मजा करा.

आता मूळ गोष्ट. कोरल त्याचं हाड कॅल्शियम कार्बोनेटचं बनवतं, म्हणजे पाण्यातून दोन गोष्टी उचलतं, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यात विरघळलेली कार्बोनेटं, ती डीकेएचमध्ये मोजतात. समुद्रात कॅल्शियम ४१०-४२० पीपीएमच्या (लिटरला मिलीग्रॅम) आसपास असतं आणि अल्कलिनिटी ७ डीकेएच, टँकमध्ये आपण ४००-४५० आणि ८-९ धरतो. कोरल हे दोन्ही ठरलेल्या प्रमाणातच खातं, अल्कलिनिटी २.८ डीकेएच उतरली की कॅल्शियम २० पीपीएमच्या आसपास उतरतं. निवळीची खुबी अशी की ती दोन्ही जवळपास त्याच प्रमाणात परत देते, त्यामुळे एक वाढलं एक घटलं अशी ओढाताण होत नाही. पण म्हणूनच ती दुरुस्तीचं औषध नाही. कॅल्शियम आधीच ३५० ला आलेलं असेल आणि अल्कलिनिटी ठीक असेल तर निवळी टाकून ते वर येणार नाही, ते आधी कॅल्शियम क्लोराइडने जागेवर आणा, मॅग्नेशियमही १२५०-१३५० मध्ये आहे का बघा, आणि मग निवळीने तिथे टिकवून ठेवा.

चुना कुठला घ्यायचा यावर लोक फार घोळ घालतात. पानाच्या डबीतला ओला चुना नको, त्यात अजून काय काय मिसळलंय ते कोणी सांगत नाही. भिंतीला लावायचा तर अजिबात नको, त्यात माती आणि बाकी खनिजं. कळीचा चुना, म्हणजे पाणी टाकल्यावर फसफसून उकळणारा, तो पण नवशिक्यांनी नको, भाजाल. आपल्याला हवाय खाण्याच्या दर्जाचा विझवलेला चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. अमेरिकेत तो किराणा दुकानात लोणच्याचा चुना म्हणून मिळतो, काकडी कुरकुरीत राहावी म्हणून वापरतात, पाच-सहा डॉलरची पिशवी माझ्या टँकला वर्षभर जाते. फक्त शेल्फवर त्याच्याच शेजारी लोणचं कुरकुरीत करायची दुसरी एक पावडर असते, ती कॅल्शियम क्लोराइडची, मी पहिल्यांदा तीच उचलून आणली होती. मागचा घटक वाचा, हायड्रॉक्साइड लिहिलेलं असलं तरच घ्या.

आणि सुरुवात करायच्या आधी चष्मा आणि हातमोजे. निवळी दिसते पाण्यासारखी पण तिचा पीएच १२.४ च्या आसपास असतो. चुन्याची पुडी डोळ्यात उडून पोरांचे डोळे गेलेले आपल्याकडे दवाखान्यात बघायला मिळतात, तीच वस्तू आहे ही. डोळ्यात गेलं तर नळाखाली पंधरा-वीस मिनिटं सतत पाणी आणि तसंच डॉक्टरकडे. निवळीच्या प्लॅस्टिकच्या जगावर मी मराठी-इंग्रजी दोन्हीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय आणि मुलाच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवतो.

निवळी बनवायची अशी. एक गॅलनचा, म्हणजे पावणेचार लिटरचा, दुधाचा रिकामा जग धुवून घ्या, त्यात आरओडीआयचं (गाळून सगळे क्षार काढलेलं) थंड पाणी भरा. थंडच, कारण चुना साखरेच्या उलट वागतो, गरम पाण्यात कमी विरघळतो. खोलीच्या तापमानाला लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम एवढाच विरघळतो. दोन सपाट चहाचे चमचे पावडर टाका, झाकण लावा, अर्धा मिनिट हलवा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी वर काचेसारखं स्वच्छ पाणी आणि खाली पांढरा गाळ. वरचं ते औषध. खालचा गाळ टँकमध्ये जाऊ द्यायचा नाही, चुन्यातली जी काही भेसळ आणि धातू असतात ते बरेचसे त्या गाळात बसून राहतात. जास्त पावडर टाकली तर जास्त कडक होईल असं नाही, ती फक्त तळाशी जाऊन बसते. जगातली निवळी संपली की नवीन पाणी आणि नवीन पावडर, जुन्या गाळावर नुसतं पाणी भरलं तर निवळी कमजोर होते.

झाकण मात्र घट्ट. शाळेतली फुंकर आठवा, हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की निवळी दुधाळ होते आणि चुन्याचा खडू बनतो. जग उघडा राहिला तर पाण्यावर पापुद्रा येतो, सायीसारखा, म्हणजे तेवढी ताकद गेली. त्याच कारणाने निवळीत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) घालून ढवळायचं नाही, हे मी एका शहाण्याला करताना पाहिलंय. अॅल्युमिनियमचं भांडंही नको, चुना त्याला खातो.

आता डोसर, म्हणजे निवळी थेंब थेंब सोडायची सोय. लागणारं सामान म्हणजे एक क्वार्टची जाड प्लॅस्टिकची दुधाची बाटली (९४६ एमएल, लिटरला थोडी कमी), सलाईनचा एक सेट, माशांच्या दुकानातली कडक एअरलाइन नळी हातभर, मऊ सिलिकॉनची नळी वीतभर, ड्रिल आणि एक केबल टाय. बाटलीच्या बुडाला त्रिकोणात २ नंबर असलेली घ्या, सोड्याची किंवा पाण्याची पातळ बाटली १ नंबरची असते आणि कडक अल्कलीत ती हळूहळू खराब होते.

बाटली छोटीच घ्या म्हणतोय त्याला कारण आहे. माझा पहिला डोसर अख्ख्या गॅलनच्या जगाचा होता, खाली प्लॅस्टिकचा एअर वाल्व्ह. तीन आठवडे मस्त चालला. मग थेंब कमी पडायला लागले, मी वाल्व्ह थोडा उघडला, परत कमी, परत थोडा उघडला, आतमध्ये खडूचा थर जमतोय हे डोक्यातच आलं नाही. एका रात्री तो थर सुटला आणि वाल्व्ह तर पूर्ण उघडा. सकाळी दिवा लावला तर टँक म्हणजे ताकाची बरणी, समोरच्या काचेपलीकडे काही दिसेना, पीएचच्या किटचा रंग तक्त्यावरच्या शेवटच्या रंगाच्याही पुढे. गोबी आणि झिंगा दोन्ही गेले, हॅमरच्या दोन फांद्या सुकल्या, हीटरवर पांढरा लेप बसला तो खरवडायला मला अख्खा रविवार गेला. त्या दिवसापासून माझा नियम एकच, बाटलीत एका रात्रीच्या डोसापेक्षा एक थेंबही जास्त असता कामा नये. वाल्व्ह बिघडेल, केबल टाय तुटेल, मांजर बाटली पाडेल, पण बिघडून जे काही पडेल ते टँकला झेपलं पाहिजे. पंप, टायमर, सेन्सर यातलं काहीही या एका गोष्टीची बरोबरी करत नाही, आणि ही फुकट आहे.

बाटलीच्या झाकणाला कडक नळीपेक्षा किंचित लहान भोक पाडा, नळी दाबून बसली पाहिजे, डगमगली तर सायफनला हवा लागते असं नाही पण नळी खाली सरकते. नळीचं आतलं टोक बुडापासून दोन बोटं वर ठेवा म्हणजे चुकून गाळ आलाच तरी तो खालीच राहील. झाकणाला सुईने दुसरं बारीक भोक, हवेसाठी. हे विसरलात तर दहा मिनिटं थेंब पडतील आणि मग बाटली चिमटून बसेल, थेंब बंद. मोठं भोक पण नको, परत तोच कार्बन डायऑक्साइड.

झाकणाबाहेर नळीला मऊ सिलिकॉनची नळी जोडा, ती वळवून खाली आणा आणि सलाईन सेटच्या टोकदार तोंडावर चढवा. चढत नसेल तर नळीचं टोक मिनिटभर गरम पाण्यात बुडवा. त्या तोंडाच्या बाजूला हवेचं छोटं झाकण असतं ते बंद ठेवा. रोलर क्लॅम्प, म्हणजे थेंब कमी-जास्त करायचं चाक, पूर्ण बंद करा. बाटली टँकच्या वर कमीत कमी दीड-दोन फूट ठेवा, मी भिंतीवर छोटी फळी ठोकलीय. उंची जेवढी जास्त तेवढा वेग स्थिर राहतो, कारण बाटलीतलं पाणी वीतभर उतरलं तरी एकूण उंचीच्या मानाने तो फरक कमी. फळी टँकला चिकटून खाली लावली तर पहाटेपर्यंत थेंब अर्धेच होतात.

सायफन सुरू करायला तोंडाने ओढायचं नाही. परत लिहितो, तोंडाने नाही. सेटच्या खालच्या टोकाला मोठी सिरिंज लावा, क्लॅम्प उघडा, ओढा, थेंबाच्या कोठडीत अर्ध्यापर्यंत पाणी आलं की क्लॅम्प बंद. पहिल्यांदा हे सगळं साध्या पाण्यावर करा, बाथरूममध्ये, दोन-तीन रात्री. गळतंय का, थांबतंय का, सगळं तिथेच कळतं.

मग थेंब मोजायचे. सेटच्या पाकिटावर २० थेंब म्हणजे १ एमएल असं छापलेलं असतं (६० वाला मायक्रो सेट पण मिळतो, तो आपल्याला खूप बारीक). छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका, १०० थेंब सिरिंजमध्ये पाडून बघा, ५ एमएल यायला पाहिजेत. समजा ५०० एमएल दहा तासात सोडायचंय, तर तासाला ५०, मिनिटाला ०.८ एमएल, म्हणजे १६-१७ थेंब. लिटर सोडायचा तर ३३. घड्याळ समोर ठेवून अर्धा मिनिट मोजा, क्लॅम्पचं चाक केसभर फिरवा, परत मोजा. चाक एकदा जमलं की त्यावर मार्करने रेघ मारून ठेवा.

सोडायचं रात्रीच, दिवे गेल्यावर. दिवसा शेवाळ आणि कोरल कार्बन डायऑक्साइड खातात म्हणून पीएच वर असतो, रात्री तो खाली येतो, आणि निवळी पीएच वर ढकलते, म्हणजे दोन्ही एकमेकांना सांभाळतात. थेंब पडतो ती जागा पावरहेडच्या (पाणी फिरवणारा छोटा पंप) समोर किंवा संपमध्ये (टँकला जोडलेली दुसरी टाकी) जोराच्या प्रवाहात हवी, कोरलच्या डोक्यावर नाही. नळीचं टोक पाण्यात बुडवायचं नाही, चार बोटं वर लटकतं ठेवायचं, बुडवलं की टोकावर खडू जमतो आणि दोन दिवसात बंद. इथे केबल टाय लागतो, टोक काचेला पक्कं बांधा नाहीतर सरकून थेंब फरशीवर पडतात आणि सकाळी पांढरे डाग पुसत बसा.

आता किती टाकायचं. पूर्ण ताकदीच्या एका लिटर निवळीत साधारण ८०० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. माझ्या १३० लिटरमध्ये ते गेलं की कॅल्शियम वाढतं जेमतेम ६ पीपीएम, आणि अल्कलिनिटी वाढते ०.९ डीकेएच. यातून एक गोष्ट लक्षात घ्या, ६ पीपीएमचा फरक घरगुती कॅल्शियम किटवर दिसतच नाही, किटची चूकच त्याहून मोठी असते. ०.९ डीकेएच मात्र स्वच्छ दिसतो. म्हणून रोज अल्कलिनिटी मोजायची, एकाच वेळेला, मी ऑफिसवरून आल्यावर मोजतो, आणि कॅल्शियम दोन आठवड्यातून एकदा मोजलं तरी बास.

आधी तीन दिवस काहीही न टाकता मोजा. समजा ८.६, ८.२, ७.८ असं आलं, म्हणजे टँक रोज ०.४ खातोय. माझ्या टँकला त्यासाठी साधारण ४५० एमएल लागेल, तुमचं पाणी जास्त-कमी असेल तसं त्रैराशिक मांडा. पहिला आठवडा त्याच्या निम्म्यानेच सुरुवात करा, आकडा घसरतोय का बघा, मग ५० एमएलने वाढवत जा. सकाळी पीएच आदल्या रात्रीपेक्षा ०.२ च्या वर चढलेला दिसला किंवा ८.५ ला टेकला तर वेग कमी करा.

आणि निवळी ही टँकमधून उडून गेलेल्या पाण्याच्या जागी जाते, त्याच्या वरती नाही. रोज दीड लिटर उडत असेल तर ४५० एमएल निवळी आणि उरलेलं साधं आरओडीआय, नाहीतर खारटपणा खाली येत जाईल. म्हणूनच वर म्हटलं की अॅक्रोपोराने भरलेल्या टँकला हे पुरत नाही, त्यांची भूक जेवढी असते तेवढं पाणीच उडत नाही. आमच्याकडे जानेवारीत हीटिंगमुळे घरातली हवा इतकी कोरडी होते की रोज अडीच लिटर उडतं, ऑगस्टमध्ये एक-सव्वा. पाणी जास्त उडालं म्हणून निवळी जास्त टाकायची नाही, कोरलची भूक हवामानावर ठरत नाही, निवळी तेवढीच, साधं पाणी जास्त. पहिल्या हिवाळ्यात मी उडालेल्या पाण्याची सगळी भर (टॉप-ऑफ) निवळीनेच करत होतो आणि अल्कलिनिटी ११ च्या वर गेली.

दर रविवारी बाटली, नळ्या, थेंबाची कोठडी सगळं किचनमधल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून साध्या पाण्याने धुवा, व्हिनेगर लागलं की खडू फसफसून सुटतो, ऐकायला पण बरं वाटतं. क्लॅम्पच्या खालची नळी बोटांनी चुरून बघा, आत करकर लागली तर अजून थर आहे. सेट तीन-चार महिन्यांनी बदलतो, रोलरखाली नळी चपटी होऊन बसते आणि मग थेंब मनाला येईल तसे पडतात.

कधी चुकून जास्त गेलंच आणि पाणी दुधाळ झालं, तर आधी बाटली काढा. पावरहेड आणि एअरस्टोन जोरात लावा, खिडकी उघडू नका उलट बंद ठेवा, खोलीत माणसं असली की हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त असतो आणि आत्ता आपल्याला तोच हवाय. साधं सेल्टझर, म्हणजे मीठ-साखर-लिंबू काही नसलेला सोडा, गॅलनला ५-६ एमएलच्या हिशोबाने प्रवाहात ओता, पीएच खाली येतो, अर्ध्या तासाने परत मोजा. अल्कलिनिटी त्या दिवशी वर नाही, बहुतेक खाली गेलेली दिसेल, कारण सगळं खडू होऊन तळाला गेलंय, ते बघून घाबरून लगेच बफर (अल्कलिनिटी वाढवायचं औषध) ओतू नका. एक दिवस थांबा, २० टक्के पाणी बदला, मग मोजा.

तीन आठवडे भारतात जातो तेव्हा डोसर चालू ठेवत नाही. जायच्या आदल्या दिवशी मोठा वॉटर चेंज करतो, बाटली व्हिनेगरने धुवून कपाटात, चुन्याचा जग गॅरेजमध्ये वरच्या फळीवर. शेजारचे काका एक दिवसाआड येऊन टेप लावलेल्या रेघेपर्यंत साधं पाणी घालतात, बस. परत येतो तोवर अल्कलिनिटी सहा-साडेसहाला आलेली असते, हॅमर थोडा रुसलेला असतो, मग परत ३०० एमएलपासून.